दारव्ह्याहून दिल्ली विद्यापीठ : कॉलेज कसं निवडायचं?

दिल्ली विद्यापीठात पदवीच्या प्रवेशासाठी जी पसंतीयादी भरावी लागते, तिची प्रत्येक ओळ म्हणजे एक विषय आणि एक कॉलेज यांची जोडी असते. इतिहास आणि हिंदू कॉलेज, इतिहास आणि रामजस, राज्यशास्त्र आणि मिरांडा हाउस, अशा. सुमारे 70 कॉलेजं, 70 हजारांवर जागा आणि 1,500च्या आसपास जोड्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावातली बारावी झालेली मुलगी मोबाइलवर ही यादी भरायला बसते, तेव्हा तिच्या हाताशी असलेला सल्ला बहुतेक वेळा दिल्ली-मुंबई-पुण्यातल्या मुलांसाठी दिलेला असतो. पहिली दहा कॉलेजं कोणती, कोणाचं नाव मोठं, कोणाचं कॅम्पस झगमगीत. तो सल्ला खोटा नाही, पण त्यात गृहीत धरलेलं घर, भाषा आणि पैसा इथल्या मुलीकडे नसतात. विचाराचा क्रम तिच्यासाठी वेगळा लागतो. आधी विषय, मग राहण्याची सोय, मग खर्च, आणि कॉलेजचं नाव त्यानंतर. या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे, आणि ते का, ते इथे मांडतो.

अनेक कॉलेजांचं मिळून एक विद्यापीठ ही कल्पना आपल्याला नवीन नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ 1983मध्ये स्थापन झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. दारव्ह्याचं मुंगसाजी महाराज महाविद्यालय त्यातलंच. इथे कॉलेज निवडण्याचं गणित एसटीच्या वेळापत्रकावर आणि घरापासूनच्या अंतरावर ठरतं, कारण अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी बहुतेक ठिकाणी एकच असते. दिल्लीतही मुळात हेच आहे. सेंट स्टीफन्समधल्या मुलाला आणि शहराच्या कडेच्या एखाद्या नवख्या कॉलेजातल्या मुलाला अर्थशास्त्राचा एकच अभ्यासक्रम असतो, विद्यापीठाची तीच प्रश्नपत्रिका सोडवावी लागते आणि पदवीवर नाव दिल्ली विद्यापीठाचंच येतं. पालकांनी ही एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली तरी निम्मी धास्ती कमी होते. उलट आता महाराष्ट्रातच कॉलेजांमधला फरक वाढतो आहे. स्वायत्त झालेली कॉलेजं अभ्यासक्रम स्वतः ठरवतात आणि परीक्षा स्वतः घेतात. त्यामुळे पुण्याचं फर्ग्युसन किंवा मुंबईचं झेवियर्स निवडताना तिथला अभ्यासक्रम उघडून वाचणं दिल्लीपेक्षाही जास्त गरजेचं आहे.

वऱ्हाडातून दूरच्या मोठ्या विद्यापीठात जाण्याची वाट जुनी आहे. शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकले, वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर त्यांनी प्रबंध लिहिला, आणि परत येऊन अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज यवतमाळ-अमरावतीकडच्या कितीतरी घरांतली पहिली पदवी त्या संस्थेच्या कॉलेजांतून आलेली आहे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेले चिंतामणराव देशमुख आयसीएस होऊन मध्यप्रांत आणि वऱ्हाडात नोकरीला आले. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री होऊन 1962 ते 1967 या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्ली मेट्रोच्या एका स्थानकाला त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख यांचं नाव आहे. दक्षिण परिसरातल्या कॉलेजांत जाणारी मुलं तिथे उतरतात.

कॉलेजच्या नावाचं वजन किती धरावं, याला मला जयंत नारळीकरांचं उदाहरण सर्वांत बोलकं वाटतं. बनारसहून ते केंब्रिजला गेले ते फिट्झविल्यम हाउसमध्ये. वडील विष्णू वासुदेव नारळीकरही तिथलेच. ट्रिनिटी, किंग्ज, सेंट जॉन्स यांच्या रांगेत फिट्झविल्यम बसत नव्हतं. कॉलेजचा खर्च न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांना कॉलेजबाहेर राहून केंब्रिजची पदवी घेता यावी म्हणून 1869मध्ये सुरू झालेली ती व्यवस्था. तिला कॉलेजचा दर्जा मिळाला 1966मध्ये. तिथून नारळीकर गणिताच्या परीक्षेत रँग्लर झाले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि 1963मध्ये किंग्ज कॉलेजचे फेलोही झाले. व्याख्यानं विद्यापीठाची, परीक्षा विद्यापीठाची, मार्गदर्शक विद्यापीठातला. त्यांच्यापुरतं कॉलेज म्हणजे विद्यापीठात शिरण्याचं दार होतं आणि ते साधं असल्याने काही अडलं नाही. नारळीकर रँग्लर होण्याच्या साठ वर्षं आधी, 1899मध्ये, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्समधून सीनियर रँग्लर झाले होते. एक नामांकित कॉलेजातून, दुसरे साध्या वसतिगृहवजा संस्थेतून. परीक्षा दोघांची तीच.

आता आजच्या व्यवस्थेकडे येऊ. 2021पर्यंत दिल्लीत बारावीच्या टक्क्यांवर कटऑफ लागत असे. त्या वर्षी हिंदू, रामजस, हंसराज यांच्यासह काही कॉलेजांत काही विषयांची पहिली यादी 100 टक्क्यांवर बंद झाली. आपल्या राज्य मंडळाचे 88 टक्के मिळवलेल्या हुशार मुलाला त्या रांगेत उभंही राहता येत नव्हतं. 2022पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली आणि बारावीचे गुण पात्रतेपुरते आणि समान गुण पडल्यास क्रम लावण्यापुरते उरले. माझ्या मते दारव्ह्यासारख्या गावांसाठी गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत मोठा बदल आहे, आणि तो इथे अजून पुरेसा पोहोचलेला नाही. ही परीक्षा 13 भाषांत देता येते, त्यात मराठी आहे. भाषेच्या पेपरसाठी मराठी निवडता येते आणि इतिहास, राज्यशास्त्र यांसारख्या बऱ्याच ऑनर्स अभ्यासक्रमांना ती चालते. इंग्रजी ऑनर्सला अर्थातच इंग्रजीचा पेपर लागतो. अडचण दुसरीकडे आहे. विषयांचे पेपर एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमावर बेतलेले असतात. विज्ञानात राज्य मंडळाची मुलं बऱ्यापैकी निभावतात, पण इतिहास-राज्यशास्त्र-भूगोलात पुस्तकंच वेगळी. म्हणून कला शाखेच्या मुलाने ही पुस्तकं अकरावीतच हातात घ्यायला हवीत. ती संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पेपर कोणते द्यायचे हे कॉलेज ठरवण्याच्याही आधीचं पाऊल आहे, आणि मुलांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. प्रत्येक ऑनर्स विषयाची पेपरांची अट वेगळी असते. फॉर्म भरताना चुकीचे पेपर निवडले तर जुलैमध्ये कितीही गुण पडले तरी ती जोडी यादीत दिसतच नाही. म्हणून आधी तीन-चार आवडीचे विषय नक्की करावेत, त्यांच्या अटी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत वाचाव्यात, आणि मगच सीयूईटीचा फॉर्म भरावा.

पसंतीयादीबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला दिसतो. वर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही तर खालचंही हातचं जाईल, अशी भीती मुलांना वाटते, आणि म्हणून ती मिळण्यासारखं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकतात. व्यवस्था तशी चालत नाही. यादी वरून खाली तपासली जाते, तुमच्या गुणांना आणि प्रवर्गाला जी सर्वांत वरची जोडी मिळू शकते तीच दिली जाते. वरच्या चाळीस जोड्या हुकल्या म्हणून एकेचाळिसाव्या जोडीवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तेव्हा यादी मनातल्या खऱ्या क्रमानेच लावावी आणि शक्य तितकी लांब करावी. फक्त पंधरा-वीस नामांकित जोड्या भरून थांबलेल्या मुलाला चांगले गुण असूनही काहीच न मिळण्याचा धोका असतो. विद्यापीठ मध्येच एकदा संभाव्य क्रमांक दाखवतं आणि त्यानंतर यादी बदलायला थोडा वेळ देतं. ते दोन-तीन दिवस फार मोलाचे आहेत, तेव्हा लग्नाला किंवा शेतावर जाऊ नये.

जागा मिळाल्यावरचे नियम कडक आहेत. दिलेल्या मुदतीत ती स्वीकारली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. स्वीकारून, शुल्क भरून ‘फ्रीझ’ करता येतं किंवा ‘अपग्रेड’ निवडता येतं. अपग्रेडमध्ये फक्त यादीतल्या वरच्या जोड्यांचा विचार होतो, आणि वरची मिळाली की आधीची जागा आपोआप सुटते, ती परत मागता येत नाही. म्हणजेच यादीत वर काय ठेवलं आहे यावर सगळं अवलंबून. नुसत्या हौसेने वर टाकलेलं, राहण्याची सोय नसलेलं कॉलेज अपग्रेडमध्ये गळ्यात पडू शकतं.

राहण्याच्या सोयीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. दिल्लीच्या मुलाला कॉलेज म्हणजे मेट्रोने जाऊन यायची जागा. दारव्ह्याच्या मुलाला दिल्ली गाठायची तर एसटीने यवतमाळ, तिथून नागपूर, मग हजारावर किलोमीटरचा रेल्वेचा प्रवास. त्याला कॉलेज म्हणजे तीन-चार वर्षांचं घर. उत्तर परिसरातल्या जुन्या कॉलेजांपैकी सेंट स्टीफन्स, हिंदू, रामजस, हंसराज, श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स, मुलींसाठी मिरांडा हाउस आणि इंद्रप्रस्थ यांची वसतिगृहं आहेत. दक्षिणेकडे लेडी श्रीराम आणि श्री व्यंकटेश्वर यांची आहेत. इतर बऱ्याच कॉलेजांना वसतिगृहच नाही. जिथे आहे तिथेही जागा मोजक्या. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं होत नाही, त्याचा अर्ज वेगळा, गुणवत्तायादी वेगळी. वसतिगृह नाही म्हटल्यावर कमलानगर, विजयनगर, मुखर्जीनगर अशा वस्त्यांत पीजी शोधायचं. खोली आणि जेवण मिळून महिन्याचा आकडा सहज पाच आकडी होतो, तर कॉलेजचं वर्षाचं शुल्क अनेक ठिकाणी त्याच्या तुलनेत थोडं असतं. कापसाच्या पिकावर घर चालवणाऱ्या बापाला दिल्ली परवडते की नाही, हे कॉलेजच्या शुल्कावर ठरत नाही, खोलीच्या भाड्यावर ठरतं. म्हणून वसतिगृह असलेलं दुय्यम नावाचं कॉलेज हे वसतिगृह नसलेल्या नामांकित कॉलेजाच्या वर ठेवावं, असं मी निःसंकोच सांगेन.

अंतरही पाहावं. दिल्ली विद्यापीठाचं कॉलेज म्हणजे विश्वविद्यालय मेट्रो स्थानकाशेजारची लाल विटांची इमारत, असं अनेकांना वाटतं. अदिती महाविद्यालय बवानात आहे, भगिनी निवेदिता कॉलेज नजफगढच्या बाजूला कैर गावात, स्वामी श्रद्धानंद कॉलेज अलिपूरला. शिकवणं तिथेही होतं, पदवी तीच मिळते, पण मुलगी राहणार कुठे आणि संध्याकाळी परतणार कशी, हे नकाशा उघडून आधी बघायला हवं. संध्याकाळच्या कॉलेजांबाबतही हाच विचार. आणखी एक खाचखळगा म्हणजे नॉन कॉलेजिएट विमेन्स एज्युकेशन बोर्ड. नाव दिल्ली विद्यापीठाचं असलं तरी तिथला प्रवेश फक्त दिल्लीत राहणाऱ्या मुलींसाठी आहे. बाहेरगावच्या मुलींनी त्यावर विसंबू नये.

मुलींना दूर पाठवण्यावरून घराघरांत जी घालमेल होते, तिला नावं ठेवणं मला योग्य वाटत नाही. मिरांडा हाउस 1948चं, लेडी श्रीराम 1956चं, इंद्रप्रस्थ 1924चं. मुलींची ही कॉलेजं शिक्षणाच्या दर्जानेच पहिल्या रांगेत आहेत. आई-वडिलांची काळजी आणि मुलीची इच्छा या दोन्हींना एकाच ओळीत जागा मिळते, हा त्यांचा मोठा गुण आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1889मध्ये ऑक्सफर्डला गेल्या तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता, मुलींना प्रवेश देणाऱ्या सॉमरव्हिलसारख्या मोजक्या संस्था होत्या. आज मुलीला निवड आहे. एकुलत्या एका मुलीसाठी दिल्ली विद्यापीठ जादा जागाही ठेवतं. घरात एकटीच मुलगी असेल तर तो रकाना भरायला विसरू नये.

आता कागदपत्रं. दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात बंजारा समाज मोठा आहे. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो, पण केंद्रीय विद्यापीठांत विमुक्त जाती-भटक्या जमाती असा प्रवर्गच नाही. बंजारा मुलांना तिथे केंद्राच्या यादीतल्या ओबीसी प्रवर्गातून, 27 टक्के आरक्षणात अर्ज करायचा असतो आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला जातीचा आणि नॉन क्रिमीलेअरचा दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला दिल्लीत चालत नाही. कुणबी, तेली, माळी मुलांनाही हाच केंद्राचा नमुना लागतो, आणि नॉन क्रिमीलेअर चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे 1 एप्रिलनंतरचा हवा. मराठा मुलांना राज्यात मिळणारं एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही. उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असल्यास त्यांनी आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढावा. गोंड, कोलाम मुलांसाठी अनुसूचित जमातीच्या 7.5 टक्के जागा आहेत, आणि आपल्याकडून त्यांसाठी फार कमी अर्ज जातात याची मला खंत वाटते. तहसीलमध्ये जून-जुलैत दाखल्यांची गर्दी असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेतू केंद्रात अर्ज टाकला, तर जागा मिळूनही दाखल्याअभावी ती हातची जाण्याची वेळ येणार नाही.

आता नावाबद्दल, कारण नावाला काहीच किंमत नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत 2024मध्ये हिंदू पहिलं, मिरांडा हाउस दुसरं आणि सेंट स्टीफन्स तिसरं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मिरांडा पहिलं आणि हिंदू दुसरं होतं. अशी अदलाबदल होत राहते, आणि ती क्रमवारी पूर्ण कॉलेजची असते, तुम्हाला हव्या असलेल्या एका विभागाची नसते. तरीही नामांकित कॉलेजात वर्गातली मुलं तयारीची असतात, वादविवाद, नाटक, संशोधनाची मंडळं जोरात चालतात. वाणिज्य आणि अर्थशास्त्रात कंपन्या भरतीसाठी मोजक्याच कॉलेजांत जातात, तिथे नाव खरोखर पगारात मोजलं जातं. ज्याला पदवीनंतर लगेच नोकरी हवी आहे त्याने हे ध्यानात घ्यावं. ज्याला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे किंवा एम.ए.ला जायचं आहे, त्याला विषय आवडीचा असणं जास्त उपयोगी. नाव मोठं म्हणून नावडत्या विषयात चार वर्षं काढणं, तेही घरापासून इतक्या लांब आणि नव्या भाषेत, फार जड जातं. शिकवण्याची भाषा इंग्रजी, काही ठिकाणी हिंदी. विद्यापीठाची परीक्षा हिंदीतून देता येते, पण मराठीतून नाही. मराठी माध्यमाच्या मुलाने पहिलं वर्ष भाषेला द्यावं लागणार हे धरूनच निघावं. मूळ बुद्धी कमी आहे असा समज मात्र कोणत्याही प्राध्यापकाच्या इंग्रजीमुळे करून घेऊ नये.

ऑक्सफर्ड-केंब्रिजचा विचार इथल्या मुलांनी करावा का? पदवीसाठी बहुतेकांना तो रस्ता पैशाने बंद आहे. परदेशी विद्यार्थ्याला शुल्क आणि राहणं मिळून वर्षाला पन्नास लाखांच्या पुढे खर्च येतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र दार उघडं आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. ऑक्सफर्डमध्ये एम.ए., एम.एस्सी. पातळीवर निवड विभाग करतो, कॉलेज नंतर येतं. अर्जात एखादं कॉलेज सुचवता येतं किंवा ‘पसंती नाही’ असंही लिहिता येतं, आणि विभागाने घेतलं की कुठल्यातरी कॉलेजात जागा मिळतेच. पदवीच्या पातळीवरही तिथे सुमारे एक तृतीयांश यशस्वी विद्यार्थ्यांना त्यांनी न मागितलेल्या कॉलेजची ऑफर येते. केंब्रिजमध्ये एका कॉलेजने न घेतलेले चांगले विद्यार्थी ‘पूल’मध्ये जातात आणि दुसरं कॉलेज त्यांना उचलतं. तेव्हा कॉलेजवर महिनोन्महिने डोकं खपवण्यापेक्षा विभाग, अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्तीची तारीख यांवर लक्ष द्यावं. कॉलेज पाहायचंच तर तिथे राहण्याची खोली पूर्ण काळ मिळते का आणि त्या कॉलेजच्या नावाने एखादी शिष्यवृत्ती आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे.

दिल्लीच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टपर्यंत चालतात, आणि तोवर इथले प्रवेश संपत येतात. म्हणून यवतमाळ, अमरावती किंवा दारव्ह्यातच एक प्रवेश घेऊन ठेवावा. मूळ टी.सी. देताना तिच्या साक्षांकित प्रती काढाव्यात, प्रवेश रद्द करायची आणि शुल्क परत मिळण्याची मुदत लेखी विचारून घ्यावी, दिल्लीला लागणारं मायग्रेशन प्रमाणपत्र मंडळाकडून आधीच काढावं.

या सगळ्याची माहिती मुलांना कोण देणार, हा प्रश्न उरतो. राजू केंद्रे यांनी उभी केलेली एकलव्य संस्था यवतमाळपासून हेच काम करत आली आहे. घरातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना देशातल्या नामांकित संस्थांचे अर्ज भरायला ती शिकवते. पण एका संस्थेच्या शिबिरांना सगळ्या तालुक्यांची मुलं पोहोचू शकत नाहीत. दारव्ह्यातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने दिवाळीनंतर बारावीच्या मुलांना एकत्र बसवून सीयूईटीचे पेपर, विषयांच्या अटी आणि केंद्राच्या दाखल्यांचा नमुना समजावून सांगायला हवा. दिल्ली, हैदराबाद, पुण्यात शिकत असलेले दारव्ह्याचेच विद्यार्थी दिवाळीच्या सुटीत घरी येतात, त्यांना एका दुपारसाठी बोलावलं तर कोणत्या कॉलेजचं वसतिगृह कसं आहे, मेस कशी आहे आणि पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीत नोट्स काढताना किती त्रास झाला, हे ती मुलं कोणत्याही माहितीपुस्तिकेपेक्षा नीट सांगतील.